मायनर लीगचे स्टेडियम: तिकिटे खपणे वेगळे, डाउनटाऊन नांदणे वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या शहरांत मायनर लीग बेसबॉलचे (मेजर लीग या अव्वल स्पर्धेसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या लीगचे) स्टेडियम डाउनटाऊनमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात आणले, की प्रेक्षक वाढतात आणि ओस पडलेले डाउनटाऊनही आपोआप गजबजते, असे सरसकट लिहिले-बोलले जाते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांना नगर परिषदेच्या सुनावणीत किंवा कर्जरोख्यांच्या मतदानात याच प्रश्नावर कौल द्यावा लागतो. अशा वेळी समोर ठेवलेल्या रंगीत चित्रांवर भिस्त ठेवून चालत नाही. त्यासाठीच हे पत्र.

आधी या धंद्याची घडण पाहू. 2021 पासून मायनर लीगमध्ये चार स्तरांवर मिळून 120 संघ आहेत. खेळाडू आणि प्रशिक्षक कोण, हे मेजर लीगमधला पालक संघ ठरवतो आणि त्यांचा पगारही तोच देतो. चांगला खेळणारा मुलगा भर हंगामात वरच्या स्तरावर उचलला जातो. म्हणजे स्थानिक मालकाच्या हाती ना संघनिवड, ना विजयाची हमी. त्याचे पोट तिकिटे, खाणेपिणे, पार्किंग आणि जाहिराती यांवर चालते. मैदानावरच्या खेळावर ताबा नसल्यामुळे जागा, सावली, पोहोचण्याची सोय आणि संध्याकाळ कशी गेली, हाच त्याचा खरा माल ठरतो. म्हणून स्टेडियमच्या जागेला इथे मेजर लीगपेक्षाही जास्त महत्त्व येते.

जागेमुळे आकडे किती हलतात, याचे ठळक उदाहरण म्हणजे शार्लट नाइट्स. हा संघ नावापुरताच शार्लटचा होता. 1990 ते 2013 तो शेजारच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या फोर्ट मिल इथे, महामार्गालगतच्या स्टेडियममध्ये खेळत होता. शेवटच्या हंगामात तिथे जेमतेम अडीच लाख प्रेक्षक आले. 2014 मध्ये संघ शहराच्या ऐन मध्यात आला आणि पहिल्याच हंगामात 6 लाख 87 हजारांहून अधिक तिकिटे खपली. त्या वर्षी अख्ख्या मायनर लीगमध्ये तो आकडा सर्वांत मोठा होता. बर्मिंगहॅम बॅरन्सचेही असेच झाले. 1988 पासून हा संघ हूवर या उपनगरात होता. 1994 मध्ये मायकेल जॉर्डन त्याच्याकडून खेळला तेव्हा तिथे 4 लाख 67 हजारांवर प्रेक्षक आले, पण तो अपवाद होता. 2012 मध्ये आकडा दोन लाखांच्या आसपास उरला होता. 2013 मध्ये डाउनटाऊनच्या रीजन्स फील्डवर येताच तो जवळजवळ चार लाखांवर गेला.

इथपर्यंतचे दाखले समर्थक देतातच. त्यांच्या फायलीत न सापडणारे दाखलेही पाहिले पाहिजेत. लास व्हेगासचा संघ 2019 मध्ये डाउनटाऊनजवळच्या जुन्या कॅशमन फील्डवरून निघून समरलिन या आखीव उपनगरात गेला. तिथे त्याची प्रेक्षकसंख्या जवळपास दुप्पट झाली आणि साडेसहा लाखांचा आकडा गाठून तो त्या वर्षी पहिला आला. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलेनटाऊनचे कोका-कोला पार्क 2008 मध्ये उघडले, तेही डाउनटाऊनबाहेर. तरी तिथला संघ वर्षानुवर्षे सर्वाधिक प्रेक्षक खेचणाऱ्यांत आहे. उलट मेम्फिसचे ऑटोझोन पार्क अगदी डाउनटाऊनमध्ये, नावाजलेल्या पीबॉडी हॉटेलच्या समोर आहे. 2000 मध्ये सुमारे 8 कोटी डॉलर खर्चून ते बांधले, तेव्हा मायनर लीगमध्ये इतके महागडे स्टेडियम दुसरे नव्हते. सुरुवातीच्या हंगामांनंतर गर्दी ओसरत गेली, कर्जाचे गणित कोसळले, 2014 मध्ये शहराला ते स्वतः विकत घ्यावे लागले आणि चौदा हजारांवरची आसनक्षमता सुमारे दहा हजारांवर आणावी लागली. जागा उत्तम होती. चुकला तो आकार.

नवेपणाचा ओढा स्वतंत्रपणे मोजावा लागतो. बफेलोच्या डाउनटाऊनमधले पायलट फील्ड 1988 मध्ये उघडले आणि पुढचे सहा हंगाम दरवर्षी दहा लाखांवर प्रेक्षक आले. 1991 मध्ये तर 12 लाख 40 हजारांवर. मेजर लीगचा संघ मिळेल या आशेने शहर भारले होते. पण मेजर लीगने संघ वाढवले तेव्हा नवे संघ डेन्व्हर आणि मायामीला मिळाले, नवलाई संपली आणि गर्दी पुढे जवळपास निम्म्यावर आली. जागा तीच होती, लोहमार्गाची सोय तीच होती. त्यामुळे पहिल्या तीन-चार हंगामांच्या आकड्यांवर तीस वर्षांच्या कर्जाचा हिशेब बांधणे म्हणजे शुद्ध धोका. दुसरे असे, की जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या बहुधा विकलेल्या तिकिटांची असते, फाटकातून आत आलेल्या माणसांची नसते. कंपन्यांनी घेतलेली हंगामी तिकिटे खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी मोजली जातात. आसपासच्या दुकानांपर्यंत पोहोचणारी माणसे त्याहून कमीच असतात.

आता डाउनटाऊनकडे वळू. ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या स्तराचा संघ घरच्या मैदानावर सुमारे 75 सामने खेळतो, त्याखालच्या डबल-एचा 69 आणि खालच्या दोन स्तरांचे 66. म्हणजे वर्षातले किमान 290 दिवस फाटक बंद. 2021 पासूनच्या वेळापत्रकात मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सलग सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी. त्यामुळे शेजारच्या उपाहारगृहाला एका आठवड्यात सहा संध्याकाळ झुंबड आणि पुढच्या आठवड्यात शुकशुकाट, असा अनुभव येतो. स्वयंपाकी आणि वाढपी असे आठवड्याआड ठेवता येत नाहीत. केवळ सामन्यांच्या जिवावर उघडलेली दुकाने म्हणूनच तग धरत नाहीत. राहती घरे, कचेऱ्या, बाग, नाट्यगृह असा दुसरा कुठला तरी आधार जवळ लागतोच. भर म्हणून 2022 पासून चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांची मर्यादा घालणारे घड्याळ सर्व स्तरांवर काटेकोरपणे लागले आणि सामना सरासरी 25 मिनिटांनी आटोपता झाला. सातच्या सुमारास सुरू होणारा सामना आता पावणेदहाच्या आत संपतो. बाहेर पडलेल्या माणसाला जेवायला वेळ आहे, पण रस्त्यावरची चूल तेव्हा पेटलेली हवी.

पार्किंगचा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे, आणि सुनावणीत तो नेहमी उलटा मांडला जातो. सहा हजार प्रेक्षक आणि गाडीमागे तीन माणसे धरली तर दोन हजार गाड्या होतात. वळायच्या जागेसह एका गाडीला सुमारे 325 चौरस फूट लागतात. म्हणजे साडेसहा लाख चौरस फूट, जवळपास 15 एकर. बहुतेक वेळा खुद्द स्टेडियमपेक्षा मोठा पट्टा. उपनगरात हा डांबरी पट्टा नव्यानेच ओतावा लागतो आणि एकदा तो ओतला की स्टेडियमभोवती दुसरे काही उगवायला जागा उरत नाही. डाउनटाऊनमध्ये कचेऱ्यांची गॅरेजे, म्हणजे बहुमजली वाहनतळ, साडेपाच-सहाला रिकामी होतात, तीच सामन्याला वापरता येतात. पण इथेच घोळ होतो. प्रेक्षकांची सोय म्हणून स्टेडियमला चिकटून नवे गॅरेज बांधतात आणि मग माणूस गाडीतून थेट खुर्चीत, खुर्चीतून थेट महामार्गावर. डाउनटाऊनच्या पदरात फक्त वाहतूक कोंडी पडते. गाड्या दोन-तीन ब्लॉक दूर आणि दोन-तीन दिशांना विखरून लागल्या, तर पाच ते दहा मिनिटांचे चालणे दुकानांच्या दारांवरून होते. त्या चालण्यातच डाउनटाऊनची कमाई आहे. वाटेत उड्डाणपूल, रेल्वेरूळ किंवा लांबच लांब कोरी भिंत आली, तर माणसे ती वाट टाळतात.

चालण्याची वाट कुठून जाते, हे पुष्कळदा बेसबॉलचा नियमच ठरवतो आणि याकडे कुणाचे लक्ष नसते. नियमपुस्तकाची शिफारस अशी, की होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून) समोरच्या दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे मावळतीचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांत जात नाही. त्यामुळे मुख्य प्रेक्षागार आणि मुख्य फाटक साहजिकच भूखंडाच्या नैर्ऋत्य-पश्चिम कोपऱ्यात येतात. डाउनटाऊन त्याच बाजूला असेल तर उत्तम. ते पूर्वेला असेल, तर प्रेक्षकांना आउटफील्डच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या दूरच्या मैदानाच्या पलीकडे उंच इमारतींचे सुरेख दृश्य दिसते, पण त्या इमारतींकडे स्टेडियमची पाठ होते. अशा जागी आउटफील्डकडे दुसरे खरेखुरे फाटक हवे, सामना संपतानाही उघडे. मैदान रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली घेतले तर प्रेक्षागारामागचा फिरण्याचा मार्ग रस्त्याशी सपाट येतो आणि जाळीतून आतला खेळ दिसतो. शिवाय प्रत्येक स्टेडियमला एक मुकी बाजू असतेच: मालाच्या गाड्या, कचरा, खेळाडूंच्या खोल्या, सरावाचे पिंजरे. ती बाजू मुख्य रस्त्यावर आली तर त्या रस्त्यावर पुढे कुठलेही दुकान धड चालत नाही. नकाशा हाती आला की ही बाजू कुठे आहे, हे आधी शोधावे.

शहराचा भूखंड चौकोनी आणि अपुरा असतो, त्याचेही भान ठेवावे लागते. आउटफील्डची एक बाजू आखूड पडली तर भिंत उंच करून तोल साधता येतो. डरहॅममध्ये डाव्या कुंपणाचे अंतर 305 फूट असल्याने तिथे 32 फुटी निळी भिंत उभी आहे. असे मार्ग निघतात. मात्र जागा पुरावी म्हणून दोन-तीन रस्ते कायमचे बंद केले, तर चालणाऱ्यांचा वळसा वाढतो आणि तो तोटा वर्षभर सोसावा लागतो.

डरहॅम बुल्सचे स्टेडियम 1995 मध्ये उघडले, ते 1987 मध्ये बंद पडलेल्या अमेरिकन टोबॅकोच्या कारखान्याशेजारी. त्या कारखान्यात कचेऱ्या आणि उपाहारगृहे सुरू झाली 2004 मध्ये. मधली नऊ वर्षे स्टेडियम भरत होते आणि शेजारच्या विटांच्या इमारती तशाच उभ्या होत्या. पुढे काम झाले, कारण संघ आणि कारखान्याची जागा एकाच कंपनीच्या हाती होती. सामन्याला आलेला माणूस रेंगाळण्यात तिचाच फायदा होता. समरलिनमध्येही संघ आणि भोवतालचा विकास एकाच मालकाकडे होता. टोलेडोने वेगळी वाट काढली. तिथला मड हेन्स हा संघ काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या मालकीचा आहे. 2002 मध्ये तो मॉमी या उपनगरातून डाउनटाऊनमध्ये आला आणि पुढे शेजारच्या जुन्या इमारती घेऊन हेन्सव्हिल नावाचा परिसर संघानेच उभा केला. भोवतालची जमीन कुणाची आणि त्याला घाई आहे का, हा प्रश्न स्टेडियमच्या आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे. जमीनदार भाव वाढण्याची वाट बघत बसला, तर दहा वर्षांनीही तिथे पार्किंगचे पट्टेच दिसतात.

साउथ कॅरोलायनातले ग्रीनव्हिल तर आवर्जून अभ्यासावे. तिथले जुने स्टेडियम डाउनटाऊनपासून दूर होते. नव्या स्टेडियमवर एकमत न झाल्याने मेजर लीगच्या अटलांटा ब्रेव्ह्जचा तिथला मायनर लीग संघ 2005 मध्ये मिसिसिपीतल्या पर्ल इथे, महामार्गालगतच्या नव्याकोऱ्या स्टेडियममध्ये गेला. ग्रीनव्हिलने 2006 मध्ये डाउनटाऊनच्या वेस्ट एंड भागात छोटे स्टेडियम उघडले आणि ते चांगले रुजले. पर्लचा संघ 2024 चा हंगाम संपताच जॉर्जियातल्या कोलंबसला निघून गेला. ग्रीनव्हिलचा दाखला देताना मात्र एक गोष्ट गाळली जाते. तिथला मेन स्ट्रीट 1970 च्या दशकातच चार पदरांवरून दोनवर आणून झाडे लावली होती आणि धबधब्याशेजारची बाग 2004 मध्ये तयार झाली होती. बर्मिंगहॅममध्येही स्टेडियमसमोरचे रेलरोड पार्क तीन वर्षे आधी, 2010 मध्ये खुले झाले. लोक जिथे आधीच पायी फिरत होते, तिथे स्टेडियमने भर घातली. ओसाड जागी एकट्या स्टेडियमने हे केल्याचे दाखले शोधावे लागतात.

पैशाचे मोजक्यात सांगतो. स्टेडियममुळे शहराच्या एकूण उत्पन्नात फारशी भर पडत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांत दुर्मीळ असे एकमत आहे. सिनेमाला किंवा दुसऱ्या भागातल्या हॉटेलात गेले असते, तेच पैसे इथे येतात. डाउनटाऊनला ते हवे असतील तर तसे उघड सांगून मत मागावे. नव्या रोजगाराचे फुगवलेले आकडे दाखवू नयेत. हार्टफर्डमध्ये 5 कोटी 60 लाख डॉलरचे स्टेडियम 7 कोटी 10 लाखांच्या घरात गेले आणि वेळेत पुरे झाले नाही. 2016 चा पूर्ण हंगाम संघ घरच्या मैदानाविना खेळला. 2017 मध्ये ते उघडले, प्रेक्षकही भरभरून आले, पण कंत्राटदाराशी चाललेल्या खटल्यात शेजारचे भूखंड कित्येक वर्षे रिकामे राहिले. ओक्लाहोमा सिटीने 1993 मध्ये एक सेंटचा विक्रीकर ठरावीक मुदतीपुरता मंजूर करून पैसे आधी गोळा केले आणि 1998 मध्ये ब्रिकटाऊनचे स्टेडियम कर्जाविना उघडले. हा मार्ग सावकाशीचा आहे, पण शहराच्या मानेवर जोखड ठेवत नाही.

सुनावणीला जाणाऱ्या वाचकांनी भाडेकराराचा मसुदा आधी मागून घ्यावा. छत, दिवे आणि गवताखालचा निचरा यांची मोठी दुरुस्ती कुणाकडे आहे? मेजर लीगने उद्या खेळाडूंच्या सोयींचे नवे निकष लादले तर खर्च कुणाचा? सामना नसलेल्या दिवशी पार्किंगचे आणि कार्यक्रमांचे उत्पन्न कुणाला? आतला फिरण्याचा मार्ग नागरिकांना खुला राहणार का? फोर्ट वेनच्या पार्कव्ह्यू फील्डमध्ये सामना नसताना लोक चालायला जातात. ती सवलत करारात लिहून घेतली तरच टिकते. संघ मुदतीआधी निघून गेला तर उरलेले हप्ते कोण भरणार, हे कलम बहुधा शेवटच्या पानांवर असते. वाचायला सुरुवात तिथून करावी.

आपला,
नगररचनेच्या क्षेत्रातील एक वाचक