भुऱ्याला आणायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर मी जरा जास्तच बोलले. "या वयात कुत्र्याचं पिल्लू कशाला?" म्हटलं आणि बाबा, तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात. मग आईकडून कळलं की 'भुऱ्या' हे नावही ठरलंय. नाव ठरलं म्हणजे पिल्लू आलंच. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहिलं असतं तर आईने न वाचताच अंगठा पाठवला असता, म्हणून हे पत्र.

आधी एक, घाई करू नका. गोठ्यातली कुत्री व्यायल्याला जेमतेम पाच आठवडे झालेत. निदान आठ आठवड्यांचा होईपर्यंत त्याला आईजवळ राहू दे. किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकतं. लवकर उचललंत तर तोच धडा तुमच्या पोटऱ्यांवर गिरवील.

तेवढ्या दिवसांत घर आवरा. बाबा, खिडकीतला गोळ्यांचा डबा फडताळात वर गेला पाहिजे. तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या, साधी पॅरासिटामॉलसुद्धा, कुत्र्याला विषारी. आई, मनुक्यांची बरणी हलव. मनुके, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण यातलं काही त्याच्या पोटात जाता कामा नये. म्हणजे ताटातला उरलेला आमटी-भातही बंद. कण्हेर तोडा म्हणत नाही, देवाला फुलं लागतात. भोवती जाळी मारून घ्या.

आणि दूध-पोळी नको! पुण्यात मी बंड्याला तेच दिलं आणि रात्रभर फरशी पुसत बसले. आईचं सुटल्यावर गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. उकडलेलं अंडं आणि पिल्लांसाठी मिळतं ते तयार खाणं, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. (आई, चिकन तुझ्या स्वयंपाकघरात शिजणार नाही हे मी धरूनच चाललेय.)

उठला, खाल्लं, खेळून झालं, की लगेच अंगणात, रोज त्याच कोपऱ्यात न्यायचं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर धरवत नाही, त्यामुळे रात्रीही एकदा उठावं लागेल. घरात केलंन तर नाक घासायचं नाही. बाबा, मोत्याला तुम्ही घासायचात. त्याला शिस्त लागली नाही, तो फक्त तुम्हाला बघून पलंगाखाली मुतायला लागला.

आता लशी. पहिली तो सहा ते आठ आठवड्यांचा असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांचा झाल्यावर. जंताचं औषध वेगळं. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, लस त्यातच येते का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. पावसाळ्यातल्या लेप्टोबद्दल चिपळूणकरांना मी काय सांगणार! सगळ्या लशी होईपर्यंत रस्त्यावर न्यायचं नाही. गडग्यावरून गावातली कुत्री उडी मारून येतात, ती जागा बंद करा.

याचं कारण सांगते. बंड्या मैत्रिणीकडे दिला असं मी तुम्हाला सांगितलं होतं. दिला नव्हता. दुसरं इंजेक्शन राहिलं होतं आणि मी त्याला सोसायटीच्या बागेत खेळायला सोडलं. सगळे म्हणाले, काही होत नाही. आठवड्याने त्याने खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो हे मला तेव्हा कळलं. चार दिवस मांडीवर घेऊन सलाईन लावलं, सुई निघू नये म्हणून त्याचा पंजा हातात धरून. पाचव्या दिवशी पहाटे गेला. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

अजून एक. त्याचा दात लागून नुसतं खरचटलं तरी हळद दाबून बसायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

त्याच्या गळ्यात घुंगरू बांधा. शोभेला नाही. पिल्लू सारखं पायात येतं, आणि बाबा, तुम्ही पहाटे दिवा न लावता न्हाणीघराकडे जाता.

फोनवर माझा आवाज चढला त्याचं कारण गुडघा नव्हता. गावठी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. तुम्ही बहात्तरचे. हा हिशोब मी मनात केला आणि तोंडाला येईल ते बोलले. बोलायला हवं होतं ते असं: पुढे कधी वेळ आली तर भुऱ्या माझ्याकडे येईल. तेव्हा लहान आहे तोवरच त्याला गाडीची सवय लावा. लशी होईपर्यंत मांडीवर घेऊन रिक्षातून एक चक्कर मारली तरी पुरे. कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारची पोरं, सगळं ओळखीचं होऊ दे.

दहा तारखेला येतेय. पट्टा, गोचीड काढायचा चिमटा आणि घुंगरू मी आणते. तोवर बाबांनी त्याला गोठ्यात जाऊन बघायला हरकत नाही. रोज जाताच आहात, आईने सांगितलं.

तुमची,
मनू