चौकट बसली नाही, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली हौशी लोकांनी घरी केलेल्या सुतारकामाचे फोटो येतात. कुणाचा झोपाळा, कुणाचं पुस्तकांचं कपाट, कुणी गच्चीवर उभारलेली कौलारू खोपी. मी ते पान राखून ठेवतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांना (धातूच्या ओतशाळांना) लाकडी पॅटर्न करून देण्यात माझी छत्तीस वर्षं गेली, त्यामुळे कुणाच्याही हातात रंधा दिसला की बरं वाटतं. पण फोटोखाली दर वेळी एकच ओळ असते, ‘फावल्या वेळात साकारलेली सुंदर कलाकृती’. लाकूड कोणतं, माप काय, सांधा कसा केला, खर्च किती आला, काही नाही. शेजारच्याच पानावर मोदकाच्या उकडीला पाणी किती, पिठी किती, उकड चिरली तर काय करायचं हे सगळं छापलेलं असतं. उकडीला जेवढा मान तेवढा झोपाळ्याला का नाही? झोपाळ्यावर तर माणूस बसतो.

आणि चूक कुणीच सांगत नाही. त्यात मीही आलो, म्हणून आधी माझीच सांगतो.

ज्यांना पॅटर्न म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. बीड ओतायचं तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबून साचा पाडतात आणि त्यात रस ओततात. रस थंड होताना आकसतो. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. बिडाला फुटामागे एक सूत, स्टीलला साधारण दोन सूत, अॅल्युमिनियमचं या दोन्हींच्या मधे. (इंचाचे आठ सूत, हे नव्या मुलांसाठी.) हा हिशेब दर वेळी डोक्यात करत बसायला नको म्हणून आमच्याकडे काँट्रॅक्शन पट्टी असते. दिसायला साधी फूटपट्टीच, पण तिचा प्रत्येक इंच किंचित मोठा. बिडाची वेगळी, स्टीलची वेगळी.

1992 च्या उन्हाळ्यात आमच्या शहापुरातल्या घराची परसाकडची चौकट वाळवीनं पोखरली. गवंड्यानं ती काढली. मी घरी साध्या टेपनं माप घेतलं, सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद. मत्तीचं (ऐनाचं) चार इंच बाय तीन इंच लाकूड आणलं आणि रविवारी कारखाना बंद असताना तिथंच चौकट केली. कुसू (खाचेत शिरणारी लाकडाची टोकं) असे बसले की हातोडीची गरजच पडली नाही. फार खूश होतो. घरी आणून लावायला गेलो तर चौकट भिंतीत शिरेना. उंचीला जवळजवळ इंचभर जास्त, रुंदीला जवळजवळ अर्धा इंच जास्त. बिचाऱ्या गवंड्यानं दीड दिवस छिन्नी घेऊन खाली उंबऱ्याची जागा खोदली, बाजूचे दगड तासले, तेव्हा कुठं बसली.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर माझ्या बाकावर बिडाची पट्टी पडलेली. सात फुटांना सात सूत. सगळा हिशेब जागेवर आला. मी ती पट्टी खिळ्याला टांगली आणि कुणाला काही बोललो नाही. घरी सांगितलं की गवंड्यानं जुनी चौकट काढताना भोक बिघडवलं. वर जादा दिवसाची मजुरी देताना घासाघीसही केली. पॅटर्नमेकरनं माप चुकवलं असं कोण मानणार होतं?

ते गवंडी आता थकलेत, वडगावात लेकाकडे असतात. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेलो आणि एकदाचं सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, ‘मला म्हायत हुतं की. भोक मी बी मापल्यालं.’ मग बोलला का नाहीस, विचारलं. ‘तू मेस्त्री. मी दगड फोडणारा. माझं माप कोण खरं धरणार?’ राहिलेली मजुरी घ्यायला ते तयार झाले नाहीत. चिवडा मात्र घेतला.

आता शेजारचं उदाहरण. आमच्या गल्लीत एक तरुण प्राध्यापक आहेत. मोबाइलवर बघून बघून शिकले, हात चांगला आहे. दोन वर्षांमागं श्रावणात त्यांनी जेवणाचं टेबल केलं, आंब्याच्या फळ्या जोडून, साडेपाच फूट बाय तीन. फळ्या फेविकॉलनं एकमेकींना चिकटवल्या, खालच्या चौकटीला स्क्रू गच्च आवळले, वर पॉलिश. देखणं झालं, सगळ्यांनी वाखाणलं. मार्चमध्ये उन्हं तापली आणि एका रात्री फटकन आवाज झाला. सकाळी बघतात तर वरची फळी मधोमध लांबीला तडकलेली. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तीन फूट रुंदीचा माथा आकसायला बघतोय आणि दोन्ही कडांना स्क्रूनी धरून ठेवलेला, मग तडकेल नाही तर काय करेल? चौकटीतली स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट कोरली असती आणि स्क्रू वॉशर घालून बेतानं आवळले असते तर माथा आपल्या जागी सरकत राहिला असता. ज्याचं बघून केलं त्या परदेशी माणसानं हे सांगितलं असेलही, पण त्याच्या गावात पाऊस केव्हा पडतो कुणास ठाऊक. आमच्याकडे एकाच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीला चार महिने भिंतींना पाझर आणि अथणीला धुरळा. अथणीत मे महिन्यात घट्ट बसवलेला दरवाजा जांबोटीत नेला तर आषाढात तो लागणारच नाही. हे आमचं आम्हीच एकमेकांना सांगायला हवं.

त्या प्राध्यापकांनी टेबलाचे फोटो सगळीकडे पाठवले होते. तडकलेल्या फळीचा एकही नाही. मी म्हटलं, अहो, पाठवायचा फोटो तोच होता.

हौशी लोक चूक लपवतात ती लाजेनं. आम्ही कारागीर लपवतो ते भीतीनं. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मेस्त्री माणूस देवासारखा, पण कोअर बॉक्सचे (ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा ज्यात करतात त्या लाकडी पेटीचे) भाग कुठं तोडायचे हे आखायची वेळ आली की आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मला म्हणायचे, जा, चहा सांगून ये. ती आखणी मी त्यांच्या केराच्या टोपलीतल्या तुकड्यांवरून शिकलो. त्यांचंही चुकत नव्हतं, कला गेली की पोट गेलं. आज मात्र लपवून उरतंय काय? मोठे पॅटर्न मशिनवर कापले जातात, ॲल्युमिनियमचे होतात. लाकडाचं काम उरलं ते एक-दोन नगांपुरतं. सुतारांची मुलं प्लायवूडच्या फर्निचरकडे वळली. लपवून ठेवलेलं ते मेस्त्रींबरोबर गेलं.

फुकट सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल असं सुतारमंडळींना वाटतं. माझा अनुभव उलटा. आमच्या प्राध्यापकांनी फणसाच्या गाठीवर एकदा रंधा मारून बघितला, हाताला फोड आले. त्यानंतर त्यांच्या घरी देव्हारा करायला सुतार आला, तेव्हा मजुरीचा आकडा ऐकून ते एक शब्द बोलले नाहीत. उलट चहाबरोबर पोहे केले.

भाषेची अडचण कुणी पुढं करू नये. बैलहोंगलकडचे एक कन्नड मेस्त्री माझ्याबरोबर अकरा वर्षं एका बाकावर होते. सुरुवातीला त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड बेताचं. फळीच्या तुकड्यावर पेन्सिलनं आडवा छेद काढायचा, माप घालायचं, पुढं ढकलायचं. ते एक आकडा खोडून दुसरा लिहायचे. बहुतेक वेळा त्यांचाच बरोबर निघायचा. तेव्हा फोटोबरोबर वस्तूचा नकाशा नुसता आकड्यांचा छापलात तरी बागलकोटपर्यंत वाचला जाईल.

एक तक्रार मात्र रागानं लिहितो. मागच्या एका फोटोत एक गृहस्थ चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून फळी कापताना दिसतात, गार्ड काढून, एका हातानं. कृपा करून असा फोटो पुन्हा छापू नका. ते मशीन लोखंड घासायला केलेलं आहे. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं, दात गाठीत अडकला की हातातून उसळतं आणि उसळतं ते आपल्याकडेच. उद्यमबागेत मी काय काय बघितलंय ते सकाळच्या चहाबरोबर वाचायला नको. फळी कापायला करवत आहे, हातातलं सर्क्युलर सॉ भाड्यानं मिळतं, तेही नको असेल तर लाकडाच्या अड्ड्यावर थोड्या पैशांत सरळ कापून देतात.

माझं मागणं मोठं नाही. फोटोखाली त्या एका ओळीच्या जागी पाच-सहा ओळी द्या. लाकूड कोणतं, कापल्यावर किती दिवस वाळलं (जुने लोक इंचभर जाडीला एक वर्ष धरायचे), प्लायवूड असेल तर त्यावरचा शिक्का 303 चा (साध्या वापराचं) की 710 चा (पाण्यात टिकणारं), बाहेरची मापं, सांधा, खर्च. आणि काय चुकलं ते, हे सगळ्यात आधी. सुतारांनाही बोलवा, त्यांचं नाव आणि गाव छापा, म्हणजे त्यांनाही चार कामं मिळतील. फोटो वाईट आला तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून करायला हरकत नसावी. सोबत गणपतीच्या चौरंगाचा नकाशा जोडतो आहे. माथा पंधरा इंच चौरस, उंची नऊ, लाकूड साग, माथा खालून लांबट भोकांतल्या चार स्क्रूंवर. पहिल्या चौरंगाला मी पाय सरळ उभे लावले होते, मूर्ती ठेवून उचलताना तो डुगडुगला, म्हणून यात पाय बाहेरच्या बाजूला तीन सूत कलते दाखवले आहेत. मापं साध्या पट्टीनं घेतली आहेत. सौभाग्यवतींनी तीच पट्टी दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवून दोनदा तपासली आहे.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शहापूर, बेळगाव