गिनती जुळली की फोन कर

नाशिक रोड,
दि. १२ जुलै २०२५

चि. निखिल यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सकाळी तू पंचवटी एक्सप्रेसने गेलास आणि मी फाटकापर्यंतसुद्धा आले नाही, हे दिवसभर मनाला लागून राहिले. गुरुपौर्णिमेच्या रात्री मी भरल्या ताटावरून उठायला नको होते. तुझ्या हातात आर्थर रोड कारागृहाच्या नेमणुकीचा हुकूम होता, माई आत्या पेढे वाटून दमल्या होत्या, सिन्नरहून काकांचा फोन येऊन गेला होता, आणि मी मात्र एका वाक्यावरून तुझ्याशी भांडले. बोलताना माझा मुद्दा नेहमी अर्धवट राहतो. कारागृहाच्या लेखा शाखेत तीस वर्षे जे मांडले ते लिहूनच मांडले, म्हणून हेही लिहूनच पाठवते. तुझ्या तब्येतीविषयी या पत्रात एक अक्षर लिहायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

तू म्हणालास, "आई, आंध्र प्रदेश एका बंद्यामागे आपल्या कितीतरी पट खर्च करतो. महाराष्ट्र तेच काम थोडक्यात भागवतो, म्हणजे आपली व्यवस्था काटकसरीची आहे." तुझे आकडे खरे आहेत. राज्यांच्या न्यायव्यवस्थेची तुलना करणाऱ्या यंदाच्या इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये दर बंद्यामागे दिवसाची देशाची सरासरी १२१ रुपये आहे, आंध्र प्रदेश ७३३ रुपयांवर आहे, आणि महाराष्ट्र सरासरीच्याही खाली आहे. कारागृहे हा घटनेने राज्यांकडे सोपवलेला विषय आहे, तेव्हा राज्याराज्यांत फरक पडायचाच. पण त्या आकड्याला तू काटकसर म्हणालास, तिथे माझा घास अडकला.

खर्चाला बंद्यांच्या संख्येने भागायचे, हा भागाकार मी आयुष्यभर केला आहे, रे. सकाळी आतून गिनतीची चिठ्ठी येत असे. तळहाताएवढा कागद, त्यावर न्यायाधीन म्हणजे खटला चालू असलेले किती, सिद्धदोष म्हणजे शिक्षा झालेले किती, रुग्णालयात किती, कोर्टात गेलेले किती, आणि खाली बेरीज. त्या बेरजेवर कोठीत तांदूळ, डाळ आणि कणीक तोलली जाई. चिठ्ठीवर चाळीस माणसे वाढली की चाळीस माणसांची कणीक वाढे, कारण पोटाला टाळता येत नाही. औषधे, अंथरूण-पांघरूण, कपडे, साबण यांची तरतूद मात्र वर्षाच्या सुरुवातीला जी झाली तीच राही, आणि वाढलेल्या चाळीस जणांना ती आधीच्यांच्या वाट्यातून मिळे. देशभरात बंद्यांवर होणाऱ्या खर्चापैकी निम्म्याच्या आसपास रक्कम अन्नावर जाते आणि औषधोपचारावर शंभरातले जेमतेम चार-पाच रुपये जातात, ते यामुळेच. शंभरांच्या जागेत दीडशे माणसे कोंबली की दरडोई आकडा आपोआप उतरतो आणि मुंबईत बसलेल्या माणसाला तो बचतीसारखा दिसतो. तू हिशेबाच्या घरात वाढलास, म्हणून तरी तुला हे दिसायला हवे होते.

आणखी एक गोष्ट तुझ्या त्या आकड्यांच्या तक्त्यात नव्हती. त्या १२१ रुपयांत पहाऱ्यावरच्या माणसांचे पगार धरलेले नाहीत. तो फक्त बंद्यांवरचा खर्च आहे. तुझा पगार त्यात नाही, तसा बाबांचाही नव्हता, आणि बाबांचे शेवटचे दोन पावसाळे तर कोणत्याच रकान्यात नव्हते. हे लिहायचे नव्हते. लिहून गेले.

आता जागेचे बघ. आपल्या नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता ३,२०८ आहे. आर्थर रोडची मंजूर क्षमता कित्येक वर्षे ८०४ होती, म्हणजे आपल्या जवळपास चौथा हिस्सा, पण तिथली बंद्यांची संख्या वेळोवेळी ३,००० च्या वर गेली आहे. नाशिक रोडच्या १९२७ पासूनच्या एवढ्या मोठ्या आवारात जेवढी माणसे मावावीत, जवळजवळ तेवढी माणसे तिथे जेमतेम चौथाई माणसांच्या जागेत राहिली आहेत. येरवड्याची मंजूर क्षमता अडीच हजारांच्या आसपास आणि आत सहा हजारांवर. साऱ्या राज्याचे मिळून पाहिले तर २०२२ अखेर सुमारे २५ हजारांच्या जागेत ४० हजारांहून अधिक माणसे होती. उत्तर प्रदेश, उत्तराखंड आणि दिल्ली यांची स्थिती आपल्याहून वाईट, पावणेदोन पटीच्या घरातली, तर तमिळनाडूत जागा रिकामी आहे. एकाच देशात एकच फौजदारी कायदा चालत असताना इतका फरक का पडतो, हा प्रश्न तुझ्या तक्त्याने विचारायला हवा होता, असे मला वाटते.

आदर्श कारागृह नियमावलीत बराकीत एका माणसाला झोपण्यासाठी ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे. म्हणजे सुमारे चाळीस चौरस फूट, तुझा पलंग आणि त्याच्या कडेने उभे राहण्यापुरती फरशी. चारपट माणसे भरली की त्याच मापाने प्रत्येकाला दहा चौरस फूट येतात. पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद. तेवढ्यात उताणे झोपता येत नाही. माणसे एका कुशीवर झोपतात, आणि एकाने कूस बदलली की सगळ्या रांगेला बदलावी लागते. एकाला खोकल्याची उबळ आली तर तो श्वास कुणाच्या तोंडावर जातो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. नियमावलीप्रमाणे ३०० बंद्यांमागे एक वैद्यकीय अधिकारी हवा, म्हणजे तीन हजारांना दहा. तुझ्याकडे किती आहेत ते पहिल्या आठवड्यातच पाहून ठेव, आणि तू स्वतः रुजू झाल्याझाल्या छातीचा फोटो काढून घे.

पुन्हा तिथेच आले. पण आता लिहिलेच आहे तर पुरते लिहिते. तू सहा-सात वर्षांचा असताना बाबा ड्यूटीवरून आले की मागच्या दाराने येत, गणवेश परसातल्या दोरीवर टांगत, आंघोळ करीत आणि मगच तुला जवळ घेत. तुला त्याचा राग येई. दारात उभा राहून तू पाय आपटत असस. तेव्हा त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात होती, त्या ठिकाणाचे नाव आता घेऊन उपयोग नाही. बराकीतले तिघे जण महिनाभर खोकत होते, तपासणीला कोणी नेले नव्हते, आणि हे बाबांनी मला सांगितले तेव्हा ते स्वतः दीड महिना खोकत होते. "धूळ आहे, सुलभा, गेटवर फार धूळ असते," असे म्हणत. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची, हे सरकारी दवाखान्याच्या प्रत्येक भिंतीवर लिहिलेले असते, आणि ज्या घरात दोन सरकारी नोकर होते त्या घराने ते वाचले नाही. तू वाच. चौदाव्या दिवसाची वाट पाहू नकोस.

हे व्याख्यान होत चालले आहे, याची मला जाणीव आहे. तुला प्रशिक्षणात हे सर्व शिकवले असेल, माझ्याहून चांगले शिकवले असेल, आणि परीक्षेत तू ज्या क्रमांकाने आलास तो मी माई आत्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितला आहे. तुला शिकवण्याचा माझा अधिकार नाही. मला माफ कर. पण एक गोष्ट कामाची आहे, ती मात्र सांगू दे.

ही गर्दी शिक्षा झालेल्यांची नाही. देशातल्या दर चार बंद्यांतले तीन न्यायाधीन आहेत, ज्यांचा गुन्हा अजून ठरायचा आहे. माझ्या टेबलापुढे त्यांच्या बायका येऊन उभ्या राहत. जामीन मंजूर झालेला असे, पण जामीनदार मिळत नसे, किंवा भरायची रक्कम नसे. इगतपुरीकडची एक बाई माझ्या लक्षात राहिली आहे. तिच्याकडे कोर्टाच्या हुकमाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली होती, आणि घडी इतक्या वेळा उघडलेली होती की कागदाचे चार तुकडे झाले होते. पैसे कुठे भरायचे एवढेच ती विचारत होती, आणि पैसे तिच्याकडे नव्हते. तेव्हा माझ्या हातात काही नव्हते. आता २०२३ पासून केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना आहे, तीत न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत मिळू शकते. आता तूच हिशेब कर. दिवसाला १२१ रुपये म्हणजे वर्षाला ४४,१६५ रुपये. ज्याला ४० हजारांत घरी पाठवता येते, त्याला वर्षभर आत ठेवण्याचा खर्च त्याहून जास्त, तोही भिंती आणि पगार न धरता. तुला काटकसर दाखवायची असेल तर ती इथे आहे.

त्यासाठी तुला कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ तू पाठ केले असशीलच. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, आणि इतरांनी निम्मा काढला, की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाला लेखी अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकांचे कर्तव्य आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले वगळले आहेत, पण उरलेले थोडे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले की हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू आहे. अर्ज अधीक्षकांच्या सहीने जातो, पण कोणाचे दिवस भरले हे नोंदवहीत बघणारा तुझ्यासारखाच अधिकारी असतो. ती वही तू मागून घे. आपल्याकडची कारकुनी सवय तिथे उपयोगी पडेल. तारखा उलट्या मोजायच्या, आणि आज ज्याचा दिवस भरतो त्याचे नाव आजच वर पाठवायचे. एका माणसाची सुटका झाली की बराकीत एका कुशीची जागा होते. तुझ्या तोंडावरचा एक श्वास कमी होतो, हेही मी मोजते. काय करू.

नव्या इमारतींवर माझा फार भरवसा नाही. जागा मिळायला वर्षे जातात, बांधायला वर्षे जातात, आणि पहाऱ्याची पदे देशभर तीन-दहांशाच्या आसपास रिकामीच असतात. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंधच्या राजांनी १९३९ मध्ये भिंतीविना वसाहत केली. तिथे बंदी शेती करतात, कुटुंबासह राहतात आणि पहारा नावापुरता असतो. बाबांना एकदा तिथे सरकारी कामाने जायला मिळाले होते. परत आल्यावर आठवडाभर ते एकच सांगत, की तिथे रात्री सगळे उताणे झोपतात. मला तेव्हा त्यातले काही कळले नव्हते.

जेल रोडच्या क्वार्टरमध्ये असताना संध्याकाळी गिनतीची घंटा झाली की तू खिडकीत जाऊन बसत असस. गिनती जुळल्याशिवाय कोणालाही घरी सोडत नाहीत, हे तुला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होते, आणि एखाद्या दिवशी बाबांना उशीर झाला की तू मला विचारायचास, "आई, कोण कमी पडलं?" मी सांगत असे की कोणी कमी नाही, मोजायला वेळ लागतो. आता मोजणारा तू आहेस. तुझ्या गणवेशावर नावाची पट्टी मी स्वतः लावून पाहिली, तू स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला होतास तेव्हा. सरळ बसली होती. बाबांची नेहमी थोडी तिरकी असायची.

रागावून गेला असशील तर तो राग इथेच ठेव. संध्याकाळची गिनती जुळली की, कितीही वाजले तरी, फोन कर.

तुझी,
आई

ता. क. : बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात लाडवांच्या डब्याखाली मास्कची दोन पाकिटे ठेवली आहेत. लाडू वाटलेस तरी चालेल, मास्क तुझ्यासाठी आहेत. छातीचा फोटो कोणत्या तारखेला काढलास ते कळव.