डाव्या चाकाला उजवा शॉकअप : एका एस्टीमवाल्याची तक्रार

दि. १० डिसेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मारुती एस्टीम (२००४) साठी मागवलेल्या शॉकअप संचात डाव्या बाजूचा भाग चुकीचा आल्याबाबत आणि त्यामुळे ब्रेकचा होज पाइप घासल्याबाबत.

महोदय,

३ ऑक्टोबरला आपल्या संकेतस्थळावरून मी माझ्या एस्टीमसाठी चार शॉकअपचा संच मागवला. किंमत ११,८०० रुपये, पैसे आगाऊ भरले. ९ तारखेला संच घरी आला. त्यातले पुढचे दोन्ही शॉकअप उजव्या बाजूचे होते आणि त्यातल्या एकावर डाव्या बाजूचं स्टिकर चिकटवलेलं होतं. हे माझ्या लक्षात येईपर्यंत गाडी त्यांच्यावर सहाशे किलोमीटर चालली होती आणि डाव्या चाकाच्या ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी, आतले धागे दिसेपर्यंत घासला गेला होता. ६ नोव्हेंबरला मी पहिली तक्रार केली. आज महिना उलटून गेला तरी चूक कुणी मान्यही केलेली नाही.

गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्या एका उत्तरात तिच्या वयाचाच विषय काढला आहे. २०२३ मध्ये आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षक काकांकडून मी ही एस्टीम ६०,००० रुपयांना घेतली. इंजिन १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ बीएचपी आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत. म्हणजे गाडी हलकी आणि इंजिन जोरकस. ज्यांनी ती चालवली आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. तिला नीट उभी करायला मी आणखी एक लाख बाजूला ठेवले, तेही एकदम नाही, पगारातून महिन्याला थोडे थोडे. वहीत प्रत्येक खर्च लिहिलेला आहे. आधी टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, कारण बेल्ट तुटण्याची वाट बघायची नसते. मग उन्हाळ्याच्या आत रेडिएटरची जाळी बदलली. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे जुना रेडिएटर तग धरत नाही. मागच्या चाकांवरच्या कमानी गंजल्या होत्या, तेवढ्याच कापून डेंटिंग-पेंटिंग केलं, पूर्ण गाडी रंगवली नाही. हेडलाइटला रिले टाकून वायरिंग नवीन केलं, बल्ब मात्र ठरल्या वॅटचेच. अलॉय व्हील्ससाठी तीन महिने फिरलो. एस्टीमला ११४.३ मिलिमीटरचा पीसीडी (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) लागतो, स्विफ्टचे १०० चे अलॉय तिला बसत नाहीत. काही दुकानदार ॲडाप्टर लावून देतो म्हणाले. मी घेतलं नाही. शेवटी तेरा इंचांचे जुने पण सरळ, बरोबर मापाचे अलॉय मिळाले.

गाडीची उंची कमी करून ती खाली बसवायचा मोह मलाही झाला होता. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. २०२४ मध्ये गिरीपेठच्या आरटीओत तपासणी करून, ५,००० रुपये फी भरून मी आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण केलं. गाडी पहिल्याच फेरीत पास झाली. म्हणून मूळ उंचीचेच, गॅसचे शॉकअप घ्यायचे ठरवले. जुन्यांमधून तेल गळत होतं, सिमेंट रोडच्या प्रत्येक जोडावर समोरून धाडधाड आवाज यायचा. स्वस्त म्हणून नव्हे, तर आपल्या पानावर ‘एस्टीम १९९९ ते २००७, कोणताही बदल न करता थेट बसतो’ असं स्पष्ट लिहिलं होतं म्हणून मी आपला संच निवडला.

११ ऑक्टोबरला, शनिवारी, माझ्या मिस्त्रींनी काम हाती घेतलं. मागचे दोन्ही नीट बसले, पुढचा उजवाही बसला. डाव्याला मात्र होज अडकवायचं ब्रॅकेट भलत्याच बाजूला येत होतं. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “भाऊ, काहीतरी गडबड आहे जी, आधी कंपनीले इचारा.” मी गॅरेजमधूनच आपल्या हेल्पलाइनला फोन लावला, फोटो पाठवला. पलीकडच्या ताईंनी पाच-सात मिनिटं होल्डवर ठेवून सांगितलं की हे नवीन डिझाइन आहे, ब्रॅकेट थोडं वाकवा आणि होज केबल टायने बांधून घ्या, चालतं. आपले कॉल रेकॉर्ड होतात, तो कॉल कृपया काढून ऐकावा. मी त्या सांगण्यावर विश्वास ठेवला. मिस्त्री तयार नव्हते, मीच त्यांना करायला लावलं, आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा होती. आई आणि माझी मुलगी यांना घेऊन मी रामटेकला गेलो. गडमंदिरावरून उतरताना एका वळणावर स्टीयरिंग पूर्ण फिरवलं तेव्हा डाव्या चाकातून खरखर ऐकू आली, चाक सरळ झालं की बंद. खाली येऊन पाहिलं, अंधारात काही दिसलं नाही. पन्नासेक किलोमीटर हळूहळू चालवत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी चाक काढलं. केबल टाय तुटून गेला होता. टायरच्या आतल्या भिंतीवर बोटभर रुंदीचा गुळगुळीत काळा पट्टा उमटला होता आणि होजचं वरचं रबर एका जागी पूर्ण जाऊन आतली धाग्यांची वीण उघडी पडली होती. मिस्त्रींनी ब्रेक दाबायला सांगितला. मी दाबला, तेव्हा त्या उघड्या जागी होज शेंगदाण्याएवढा फुगला. एक होज फुटला तर सगळे ब्रेक जात नाहीत, ब्रेकच्या तेलाची सर्किट दोन वेगवेगळी असतात, हे मला माहीत आहे. पण उतारावर, मागच्या सीटवर आई आणि आठ वर्षांची मुलगी असताना अर्ध्या ब्रेकवर मला गाडी थांबवावी लागली असती.

शॉकअप खाली उतरवल्यावर मिस्त्रींनी तो पेट्रोलने धुतला. ‘एल’ लिहिलेलं कागदी स्टिकर भिजून सुटलं. त्याच्या खाली लोखंडात ठोकलेला शिक्का होता ‘आर’. दुसऱ्या बाजूच्या शॉकअपवर पाहिलं, तिथेही ‘आर’. “हे तं दोन्ही उजवेच आहेत ना जी,” एवढंच ते बोलले. स्टिकरसकट काढलेले चारही फोटो सोबत जोडले आहेत. स्टिकर नेमकं शिक्क्यावरच का लावलं गेलं, याचं उत्तर मला आपल्याकडून हवं आहे. पॅकिंग करताना चूक झाली असेल तर तसं लिहून कळवा.

आता आपल्या उत्तरांबद्दल. ११ नोव्हेंबरला कळवलंत की बसवलेला माल परत घेतला जात नाही. पण शॉकअप बसवल्याशिवाय तो चुकीचा आहे हे ग्राहकाला कसं कळणार, आणि शंका आली तेव्हा बसवायला तर आपणच सांगितलं होतं. १९ नोव्हेंबरला लिहिलंत की वाहन वीस वर्षांहून जुनं असल्यामुळे चेसिस वाकलेली असण्याची शक्यता आहे. हे वाक्य मला फार लागलं. गाडी न बघता लिहिलेलं आहे ते. माझा जुना डावा शॉकअप परत लावला तेव्हा होज आपल्या जागी, मूळ क्लिपमध्ये, हाताने बसला. त्यानंतर काढलेल्या व्हील अलाइनमेंटच्या प्रिंटमध्ये सगळे आकडे मर्यादेत आहेत. तीही प्रत सोबत आहे. २७ तारखेला पुढच्या खरेदीसाठी ५०० रुपयांचं कूपन पाठवलंत. ते मी वापरलेलं नाही आणि वापरणार नाही.

एस्टीम बनणं २००७ मध्येच थांबलं. या गाड्या आज जे चालवतात त्यांच्यासमोर फार दुकानं उरलेली नाहीत, ते आपल्यासारख्यांच्या यादीवर भरवसा ठेवून पैसे आधी भरतात. जुन्या गाडीला थोडं वाकवून, थोडं बांधून चालतं, असं गृहीत धरणं चूक आहे. सीट कव्हरचं चाललं असतं. ब्रेकचं चालत नाही.

माझी मागणी अशी. त्याच कंपनीचा, एस्टीमचा पुढचा डावा शॉकअप पाठवावा, पाठवण्याआधी शिक्क्याचा फोटो मला द्यावा आणि चुकीचा नग आपल्या खर्चाने घेऊन जावा. डावा उपलब्ध नसेल तर पूर्ण संचाचे ११,८०० रुपये परत करावेत, कारण एका बाजूला नवा आणि एका बाजूला गळका असे शॉकअप ठेवून गाडी चालवता येत नाही. आतापर्यंत नवा होज ४८०, उतरवून जुना बसवण्याची मजुरी ८०० आणि अलाइनमेंट ५०० असे १,७८० रुपये गेले. नवा बसवताना मजुरी आणि अलाइनमेंटचे आणखी १,३०० लागतील. हे ३,०८० रुपये आपण द्यावेत. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात तातडीचं हे की, याच साठ्यातून एस्टीमचा संच ज्यांना ज्यांना गेला आहे त्यांना आजच फोन करून डाव्या बाजूचा शिक्का तपासायला सांगा. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी गाडीत आत्ता केबल टाय लावलेला असेल.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. दोन्ही मुदती उलटल्या आहेत. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस मी थांबेन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, मला कोर्टाच्या तारखा नकोत, डावा शॉकअप हवा आहे.

चुकीचा शॉकअप आणि घासलेला होज, दोन्ही मी पिशवीत बांधून जपून ठेवले आहेत. आपल्या माणसाला कधीही येऊन बघता येतील, संध्याकाळी सहानंतर मी घरी असतो.

आपला ग्राहक,
प्रतापनगर, नागपूर

सोबत : बिल, शिक्क्यांचे व होजचे फोटो, अलाइनमेंटची प्रिंट, गॅरेजच्या पावत्या, आपल्या तिन्ही उत्तरांच्या प्रती.