मधुमेहींसाठी ‘तेल बंद’ हा अर्धाच सल्ला

संपादक महोदय,

मधुमेहींच्या आहारावर छापून येणाऱ्या बहुतेक मजकुरात ‘तेलकट बंद करा’ यापलीकडे फारसे काही नसते. त्या तेलाच्या जागी ताटात काय येणार, हे कोणी सांगत नाही आणि रक्तातली चरबी सुधारणार की बिघडणार, हे बरेचसे त्यावरच ठरते.

टाइप २ मधुमेहात ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) चढलेले आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) उतरलेले, हे नेहमीचे चित्र. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, मग साठलेल्या चरबीतून फॅटी ॲसिड सुटत राहतात आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडते. अशा माणसाने लोणी सोडून मैदा, साखर आणि ‘फॅट-फ्री’ बिस्किटांवर भर दिला, तर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थोडे उतरेलही; पण ट्रायग्लिसराइड आणखी वाढते, एचडीएल आणखी घटते. त्याच कॅलरी सूर्यफूल किंवा सोयाबीनचे तेल, अक्रोड यांतून आल्या तर एलडीएल उतरते आणि हा तोटाही होत नाही. अर्थात, लोण्याऐवजी तेल. लोण्यावर आणखी तेल नव्हे.

संपृक्त चरबी (लोणी, तूप यांत भरपूर असते ती) एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी. १८०० कॅलरींच्या आहारात ती २० ग्रॅम होते आणि मोठा चमचाभर लोण्यातच सुमारे ७ ग्रॅम संपते. ट्रान्स फॅट (तेल अंशतः हायड्रोजनेटेड केले की तयार होणारी चरबी) जितके कमी तितके बरे: ते एलडीएल वाढवते आणि एचडीएलही घटवते. पाकिटावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ दिसले की ते खाली ठेवावे.

तपासणीचा अहवाल वाचतानाही गफलत होते. समजा एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड २५० (सगळे आकडे मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये). एलडीएल थेट न मोजता काढण्याच्या सूत्राने ते येते १८० – ३५ – (२५० ÷ ५) = ९५. रुग्ण निर्धास्त! पण एकूणातून एचडीएल वजा केले तर नॉन-एचडीएल, म्हणजे सगळे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल मिळून, १४५ निघते. एलडीएल १०० च्या आत हवे असेल, तर नॉन-एचडीएल १३० च्या आत हवे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास हे सूत्र चालतच नाही; एलडीएल थेट मोजावे लागते. ५०० च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढतो, तिथे डॉक्टर गाठावा; आकडा हजाराकडे गेला, तर ‘चांगले’ तेलसुद्धा हात आखडूनच वापरावे लागते.

आहार बदलल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. तोवर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी आपल्या मनाने सोडू नये. प्रयोगशाळांनी नॉन-एचडीएलचा आकडा प्रत्येक अहवालावर छापावा. त्याला वेगळे रक्त लागत नाही, एक वजाबाकी पुरते.

– एक आहारतज्ज्ञ