बाजू उलटायला उठायचं, बाबा

ती. आई-बाबा,
सा. न.

आधी निर्णय सांगते, मग कारणं. टीव्हीवरच्या ओटीटीची वर्गणी मी बंद केलीय. आई, तुझ्या संध्याकाळच्या मालिका केबलवर येतात, त्यांना हात लावलेला नाही. बातम्याही तशाच राहतील.

बाबा, पैशांसाठी नाही केलं हे. दिवाळीत पाहिलं ना मी, एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू, आणि तुम्ही रात्री एकपर्यंत खुर्चीत तसेच. पायांची सूज उतरली का? सकाळी काय पाहिलं ते आठवेना, म्हणून तुम्ही गप्प झालात. ते वयामुळे नाही हो. न निवडता समोर येत राहिलेलं मलाही आठवत नाही.

शनिवारी दादा रेकॉर्ड प्लेअर घेऊन येईल. माळ्यावरची रेकॉर्डची पेटी त्यालाच काढू द्या, स्टुलावर कुणी चढायचं नाही. मुद्दाम असा घेतलाय की रेकॉर्डची बाजू संपली की सुईची दांडी आपसूक उचलून जागेवर जाते. सुई टेकवायलाही खटका आहे, हात थरथरला तरी काळजी नको. एका बाजूला वीसेक मिनिटं, मग उठून उलटायची. डॉक्टरांनी सलग बसू नका म्हणून सांगितलंच आहे.

पहिली किशोरीताई आमोणकरांचीच लावा, एका बाजूला राग भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली. भूप संपला की तुम्ही बराच वेळ काही बोलायचा नाहीत. मी मांडीवर बसून कव्हरवरची अक्षरं जुळवत असायचे, आणि मलाही कळायचं की आता बोलायचं नाही. फोनवर तोच भूप ऐकते, पण तो संपल्याबरोबर दुसरंच कुणीतरी गायला लागतं. ती शांतता मिळत नाही, बाबा. तुम्हाला ती परत मिळावी असं फार वाटतं.

आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जाड तबकड्या यावर लावू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, खिडकीच्या उन्हात तर नाहीच. ओलं फडकं नको, ब्रश पाठवलाय.

आई, तुझ्या नाटकांच्या डीव्हीडींसाठीही प्लेअर येतोय. ओटीटीवरचं परवाना संपला की एक दिवस दिसेनासं होतं. तुझ्या कपाटातलं नाटक कुणी काढून नेणार नाही.

महिनाभर करून बघा. नाहीच रमलात तर वर्गणी पुन्हा सुरू करून देईन, अजिबात रागावणार नाही. पण रात्री दहाला टीव्ही बंद, आणि बीपीची गोळी चुकवायची नाही.

तुमची,
चिमू