प्रोटॉन म्हणजे जादू नव्हे

लहान मुलांच्या ब्रेन ट्यूमरवर प्रोटॉन थेरपी (म्हणजे प्रोटॉन कणांनी दिलेलं रेडिएशन) 'साइड इफेक्टशिवाय' काम करते असं तुमच्या पुरवणीतल्या लेखात वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. प्रोटॉनचा फायदा खराच आहे, नेहमीच्या रेडिएशनमधला एक्स-रे गाठीतून आरपार जातो, प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक सगळी एनर्जी सोडून थांबतो, त्यामुळे मेड्युलोब्लास्टोमात (मुलांच्या मेंदूत मागच्या बाजूला होणारी कॅन्सरची गाठ) पाठीच्या कण्याला रेडिएशन देताना पुढचं हृदय, फुफ्फुसं, आतडी बरीचशी वाचतात, आणि वाढत्या वयात ही काही छोटी गोष्ट नाही. पण त्याच आजारात अख्ख्या मेंदूलाही डोस द्यावाच लागतो, तिथे प्रोटॉन असो की एक्स-रे, मेंदू काही सुटत नाही. म्हणजे पुढे शिकण्यात, लक्षात ठेवण्यात अडचणी, हार्मोन्सची कमतरता हे होऊ शकतं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं फॉलोअप लागतो. शिवाय गाठ बरी होण्याचं प्रमाण दोन्हींत साधारण सारखंच दिसतं. मग प्रोटॉनच्या नंबरची वाट बघत (मशीन मोजकीच असतात) उपचार लांबवणं मुलाला महागात पडू शकतं, मेड्युलोब्लास्टोमात ऑपरेशननंतर रेडिएशन फार लांबवून चालत नाही. लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं, आईवडील असले लेख कापून ठेवतात हो.

— एक वाचक